सागवानी डेकवर पुन्हा पीयू मारावा का?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याजवळ सेवासीकडे बंगल्यामागे साधारण ३०० चौरस फुटांचा सागवानी डेक, म्हणजे उघड्यावरची फळ्यांची जमीन, आहे. पाच वर्षांपूर्वी बसवला, तेव्हा त्यावर पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर थर धरणारं पॉलिश) मारला होता. आता जागोजागी पापुद्रे सुटतायत, मधल्या फळ्या करड्या पडल्यात, नळाजवळ काळे डाग आहेत. पॉलिशवाला म्हणतो, "वरवर घासून दोन हात मारतो, पावसाळ्याआधी उरकून टाकू." मारू द्यावं का, स्वतः करावं का, की दुसरा माणूस शोधावा? आणि डेकवरच्या झोपाळ्याचं काय?

आधी तातडीचं सांगतो. आता मे चालू आहे, तेव्हा त्याला काहीही मारू देऊ नका. बडोद्यात या दिवसांत पारा ४२-४३ पर्यंत चढतो आणि उघड्यावरची फळी हवेपेक्षाही कितीतरी तापते. तापलेल्या लाकडावर ब्रशचा हात फिरवला की थिनर क्षणात उडतो, माल आत मुरायच्या आधी वरच घट्ट होतो आणि ब्रशचे फटकारे तसेच राहतात. काम लांबलं आणि जूनच्या मध्याला पहिली सर आली तर सगळी मजुरी पाण्यात. पावसाळ्यापूर्वी एवढंच करा: फळ्यांमधल्या फटींतला पालापाचोळा काढा, खालची माती मोकळी करा, कुंड्या हलवा. बाकी काम दिवाळीनंतर.

आता पीयूबद्दल. पॉलिशवाला तुम्हाला फसवतोय असं मी म्हणणार नाही. त्याचा हात दारं, कपाटं, डायनिंग टेबलांवर बसलाय आणि तिथे पीयू उत्तमच. पण डेक आडवा असतो. दिवसभराचं ऊन सरळ अंगावर घेतो आणि पावसाचं पाणी निथळून न देता धरून ठेवतो. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पीयूचा थर त्याच्याबरोबर एवढा ताणला जात नाही. त्यातून पारदर्शक थर म्हणजे काचच, ऊन आरपार जातं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, मोडतात. थर वरून शाबूत दिसतो, पण तो ज्याला चिकटलाय तोच लाकडाचा पृष्ठभाग भुसभुशीत झालेला असतो. मग स्क्रूच्या भोकातून, फळीच्या टोकातून पाणी आत शिरतं, थराखाली अडकतं, आणि पापुद्रा उठतो.

खात्री करायची असेल तर पापुद्र्याच्या कडेला लांबी (पुट्टी) भरायची पट्टी घालून उचला आणि त्याची खालची बाजू बघा. तिला करड्या रंगाचे बारीक केसासारखे तंतू चिकटलेले दिसतील. म्हणजे थर लाकडावरून सुटलेला नाही, लाकडाचा वरचा पापुद्राच घेऊन आलाय. अशा जागी वरून दोन हात मारले तर नवा थर जुन्याला धरेल, आणि जुन्याने कशालाच धरलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही पुन्हा इथेच असाल.

तुमच्या डेकला थर नको, मुरणारं तेल हवं: बाहेरच्या लाकडासाठीचं डेकिंग ऑइल किंवा निम-पारदर्शक स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग), ज्यात रंगद्रव्य आहे असं. हे रंगद्रव्य, बहुधा आयर्न ऑक्साइड, उन्हाला अडवतं. म्हणून बिनरंगी तेल बाहेर लवकर हरतं आणि हलका तपकिरी रंग टिकतो. गडद अक्रोडी रंग फोटोत देखणा दिसतो, पण त्यावर एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून दाखवा. मधासारखा किंवा सागाचाच रंग घ्या. हे तेल चकाकणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. बडोद्यातल्या निम्म्या ग्राहकांशी माझा वाद याच मुद्द्यावर होतो; "शाइन कुठे आहे?" असं विचारतात. शाइन म्हणजे थर, आणि थर म्हणजे पापुद्रा. तेल झिजतं, फिकं पडतं, पण सोलून निघत नाही. फिकं पडलं की धुवायचं, पुन्हा एक हात फिरवायचा, झालं. सगळा डेक खरवडायची वेळ येत नाही.

घरात पडलेलं जवसाचं तेल चालेल का, असं हमखास विचारतात. नुसतं जवसाचं तेल आपल्या पावसाळ्यात बुरशीचं खाणं होतं, डेक काळा पडतो. बाजारातल्या डेकच्या तेलात बुरशीनाशक आणि अतिनील किरण रोखणारी द्रव्यं असतात, पैसे त्याचे. आणि कुणी लाखेचं पॉलिश सुचवलं तर सरळ नाही म्हणा. संखेड्याचं फर्निचर आपल्या अगदी शेजारचं, त्यातलं लाखकाम घरात पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण लाखेवर पाणी साचलं की ती पांढरी पडते. ती बाहेरची वस्तू नाही.

थोडं विषयांतर. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांचे सागवानी खांब बघितलेत? कित्येकांवर वर्षानुवर्षं कुणी ब्रश फिरवलेला नाही, तरी उभे आहेत. कारण वर पुढे आलेला छज्जा आणि खाली दगडाचा तळखडा. पाणी लागत नाही, लागलंच तर वाळतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, साधारण २० टक्क्यांच्या वर. त्याखाली ओल ठेवली तर साग कुजतच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा ब्रश हातात घ्यायच्या आधी गुडघ्यावर बसून डेकच्या खाली बॅटरी मारून बघा. वारा खेळतोय का? खालची फ्रेम मातीला टेकलीये का? फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट आहे का, की कुणी "नीट दिसावं" म्हणून तिच्यात लांबी भरलीये? वासणा रोडच्या एका कामावर मी असा डेक पाहिला. फटी लाकडी लांबीने भरून गुळगुळीत केलेल्या. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगल्या, त्यांना जागा नाही, मग कडा उचलून प्रत्येक फळीची पन्हळ झाली आणि तिच्यात पाणी साचायला लागलं. फट ही डेकची गटार आहे, ती मोकळी हवी.

नळाजवळचे काळे डाग मला बुरशीचे वाटत नाहीत. नीट बघा, डाग स्क्रूच्या भोवती आहेत का? असतील तर साधे लोखंडी स्क्रू वापरलेत. सागातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज मिळून शाईसारखा काळा रंग होतो. असे स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे घाला. आधी डाग काढून स्क्रू तसेच ठेवले तर डाग परत येणार. डागासाठी ऑक्झॅलिक ॲसिड: एका लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. डागापुरतं न लावता पूर्ण फळीला लावा, नाहीतर तिथेच गोरा चट्टा उठेल. पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि कुत्रं आत. आणि याच्या आसपास घरातलं ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर येऊ देऊ नका; दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लाकडावर ब्लीच तसंही वापरू नये, तंतू मऊ पडतात. हिरवट शेवाळ किंवा बुरशी असेल तर सोडियम परकार्बोनेटवाला क्लीनर, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच म्हणतात तो, आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश नको. त्याचे तुटके कण लाकडात राहून गंजतात.

गाड्या धुवायचा प्रेशर वॉशर बऱ्याच घरी आलाय, त्याचा मोह आवरा. जवळून मारला की फळीचे तंतू उभे राहतात, मऊ रेषा कोरल्या जातात. वापरायचाच तर पंख्यासारखा पसरट फवारा, एक फूट अंतर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

तुमच्या कामात खरी मेहनत पीयू काढायची आहे. सुटलेला थर पट्टीने, उरलेला घासायच्या मशिनने. स्क्रूची डोकी आधी आत बसवा, नाहीतर काचपेपर फाटत राहील. ४० किंवा ६० नंबरच्या काचपेपरने (आकडा लहान तितका खरखरीत) सुरुवात करून ८० वर थांबा. इथे फर्निचरवाले कारागीर हमखास चुकतात. त्यांचा हात १८० ते २२०, ३२० पर्यंत जातो, फळी आरशासारखी होते आणि मग तेल आत शिरतच नाही, वर चिकट राहतं. ८० नंबरचा खरखरीतपणा पायाला जाणवत नाही आणि तेल नीट पितो. मशिन रेषेच्या दिशेने, एका जागी थांबवायचं नाही. मास्क लावा, सागाचा भुसा नाकाला आणि त्वचेला झोंबतो. (हे वाचणाऱ्या कुणाचा डेक पाइनचा असेल आणि त्याला हिरवट झाक असेल तर जास्त जपा. जुन्या पाइनमध्ये तांबं, क्रोम आणि आर्सेनिकची प्रक्रिया असू शकते. त्याचा भुसा श्वासात जाऊ नये आणि उरलेले तुकडे होळीत टाकू नयेत.)

घासून, डाग काढून, धुवून झालं की वाळू द्या. किती दिवस? दिवस मोजू नका, ओल मोजा. दोन पिनांचं मॉइश्चर मीटर मिळतं, फार महाग नाही. १५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर थांबायचं. बडोद्यात नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत आकडा सहज १२ च्या आसपास येतो. तुळशीच्या, कुंड्यांच्या सावलीतल्या फळ्या मात्र मागे राहतात, म्हणून मीटर तिथे टोचा, उन्हातल्या फळीत नाही. मीटर नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच शोषले तर लाकूड तेलाला तयार आहे. मण्यासारखे तरंगत राहिले तर जुना थर तिथे अजून आहे, पुन्हा घासा.

तेल लावायची वेळ सकाळी दहाच्या पुढे, दव सुकल्यावर, आणि तीनच्या सुमाराला थांबायचं. ऊन थेट येत असेल तर हिरव्या जाळीचा आडोसा करा. सगळे डबे एका बादलीत एकत्र करून घ्या, कारण डब्याडब्यात रंगाचा फरक असतो. अधूनमधून तळापासून ढवळा, रंगद्रव्य खाली बसतं. दोन-तीन फळ्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात लावायच्या, मध्ये थांबलात तर सांधा दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी जे तेल लाकडाने घेतलं नाही ते फडक्याने पुसून काढा. ही पायरी कारागिराला व्यर्थ वाटते, पण न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि धूळ धरतं. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्तीचे दोन हात द्या. टोक म्हणजे नळ्यांची जुडी असते, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त आत जातं. मालाचा अंदाज: जुनं, तहानलेलं लाकूड पहिल्या हाताला लिटरमागे ५० चौरस फूट धरा, दुसऱ्याला ७५. म्हणजे ३०० फुटांना सहा आणि चार मिळून दहा लिटर. कुणी तीन लिटरमध्ये दोन हात करून देतो म्हणाला तर तो पातळ करणार आहे.

आणि ती तेलाची फडकी. गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं आणि गोळ्याच्या पोटात ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा एकेक सुटं पसरून बाहेर वाळवा. काम माणसाला दिलंत तरी हे स्वतः बघा.

आता स्वतः की माणूस? डेकवर तेल आधीपासून असतं आणि नुसता उजळायचा असता तर मी म्हणालो असतो, शनिवार-रविवारी घरच्या घरी करा. पण ३०० फुटांचा पीयू उतरवणं हे कंबर मोडणारं काम आहे आणि मशिनचा हात नसेल तर फळीवर चंद्रकोरी उमटतात, त्या तेल लागल्यावर जास्तच दिसतात. घासणं माणसाकडून करून घ्या. तेल स्वतः लावलंत तरी चालेल.

माणूस निवडताना पहिला प्रश्न भावाचा नको. "किती नंबरवर थांबणार?" हे विचारा. ८० म्हणाला तर पुढे बोला. मग विचारा मॉइश्चर मीटर आहे का, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला एखादा उघड्यावरचा डेक दाखवतो का. नवा डेक प्रत्येकाचा छान दिसतो, दोन पावसाळे खाल्लेला बघायचा. छपराखालचं काम दाखवलं तर ते धरू नका.

तीन जणांकडून भाव घेतलेत तर आकडे इतके वेगळे येतील की डोकं गरगरेल. एकाचा भाव नुसत्या मजुरीचा असतो, दुसऱ्याचा मालासकट. एक "फूट" म्हणजे डेकची लांबी गुणिले रुंदी धरतो, दुसरा पायऱ्या, कडा, कठड्याच्या चारी बाजू मोजून बिल दुप्पट करतो. म्हणून भाव मागण्याआधी कामच लिहून द्या: जुना थर पूर्ण काढणे, ८० नंबरपर्यंत घासणे, इतके स्क्रू बदलणे, डाग काढणे, टोकांना वेगळे हात, अमुक तेलाचे दोन हात, पुसून काढणे, भुसा आणि डबे उचलून नेणे. मोजमाप कसं करायचं तेही त्यात लिहा. या एकाच कागदावर तिघांनी आकडा टाकला तर तुलना होते. त्यातही घासण्याची मजुरी तेल लावण्यापेक्षा जास्त यायला हवी; उलटं असेल तर घासण्याला कात्री लागणार.

माल शक्यतो तुम्ही आणा, किंवा सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला लावा. मागे नळाजवळ दोन फुटांचा नमुना करून घ्या, दोन दिवस वाळू द्या, मग होकार. डब्यावरच्या छापील रंगावर जाऊ नका, तुमच्या सागावर तो वेगळाच उतरेल. पैसे तीन टप्प्यांत: थोडे सुरुवातीला, मोठा हप्ता घासणं पूर्ण झाल्यावर तुम्ही थेंब टाकून बघितल्यानंतर, शेवटचे दुसऱ्या हाताच्या दोन-तीन दिवसांनी चिकटपणा राहिला नाही हे पाहून. "पाच वर्षं गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून जरा लांब राहा. उघड्यावरच्या आडव्या लाकडावर तेल साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतं, कठड्यावर त्याहून जास्त. आणि तारीख: दिवाळीनंतर चांगल्या माणसांकडे लग्नसराईचं काम येतं, तेव्हा नवरात्राच्या आधीच बोलून ठेवा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं गणगोत डेकवर असणार असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम हातावेगळं झालेलं बरं, तेल पूर्ण कडक व्हायला वेळ मिळतो.

नंतरची निगा फार नाही. आठवड्याला केरसुणी, पावसाळ्यात फटी मोकळ्या, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला थेंबांची चाचणी. पाणी मुरायला लागलं की धुवून एक हात. कुंड्यांखाली पाय असलेले स्टँड ठेवा. दिवाळीत पणत्यांखाली ताटली. तेल सांडलंच तर पुसू नका, खडूची पूड टाकून रात्रभर राहू द्या आणि सकाळी झाडा. रांगोळीचा सुका रंग ओल्या फडक्याने पुसला की फळीत बसतो, आधी झाडून घ्या. वाळवीला साग सहज बळी पडत नाही, पण फळीच्या कडेला पांढरट, कच्चं लाकूड असेल तर तेवढं ती खाते. खांबांवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तेल हे वाळवीचं औषध नाही.

विश्वामित्री नदीच्या पुराचं बडोदेकराला सांगायला नको, २०१९ आणि २०२४ सगळ्यांना आठवतंय. डेकवर पाणी चढलं तर उतरल्या उतरल्या गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा, वाळला की तंतूंत बसतो. कडेच्या दोन-चार फळ्या उचकटून खाली वारा लागू द्या. त्यापूर्वी मात्र खाली लांबून काठी आणि बॅटरी फिरवा. सापाचं भय असतंच, पण या गावात पुरानंतर अंगणात मगर निघते, आणि डेकखालचा अंधारा ओलावा तिला आवडण्यासारखा आहे. काही दिसलं तर वनखात्याला फोन, स्वतः उद्योग नको.

राहिला झोपाळा. छपराखाली असेल तर त्यावरचा पीयू उत्तम टिकेल, त्याला हात लावू नका. उघड्यावर असेल तर डेकबरोबर त्यालाही तेलच, फक्त बसायच्या फळीला १२० नंबरपर्यंत घासा, कारण तिथे कपडे घासतात. पितळी कड्या आणि साखळ्या आधी उतरवून ठेवा, ऑक्झॅलिक ॲसिडचे शिंतोडे पडले तर त्यांचा रंग बदलतो. आणि फळी पूर्ण वाळल्याशिवाय पांढऱ्या कपड्यांत कुणाला बसू देऊ नका. पहिला आठवडा तरी वर जुनी चादर टाका.